पृष्ठतरंगांच्या रेझोनेटरवरील इलेक्ट्रोडांचे अंतर लेझरने मोजले, पण लहरीचा वेग पुस्तकाच्या निम्माच का येतो?

अनेरकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आमची केळीची शेती आहे आणि मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. विहीर घरापासून शंभरेक मीटरवर असल्यामुळे मोटारीच्या स्टार्टरला आम्ही ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारा रिमोट जोडला होता. या उन्हाळ्यात तो रिमोट हौदात पडून निकामी झाला. टाकून देण्याआधी मी त्याची पाटी उघडली, तेव्हा तीत शर्टाच्या बटणाएवढी धातूची एक गोल डबी दिसली. वारंवारता पक्की धरून ठेवणारा पृष्ठतरंगांचा (स्फटिकाच्या पृष्ठभागावरून चालणाऱ्या लहरींचा) रेझोनेटर तो हाच, एवढे मला वाचून ठाऊक होते, परंतु आतून तो कसा असतो हे कधी पाहिले नव्हते. कानशीने डबीची कड घासून टोपण काढले. आत तांदळाच्या दाण्याएवढी, आरशासारखी चकचकीत क्वार्ट्झची पट्टी होती आणि तिच्या मधल्या भागाला केसाहून बारीक दोन तारा जोडलेल्या होत्या.

पट्टी उन्हात तिरपी धरल्यावर सीडीच्या तबकडीसारखे इंद्रधनुषी रंग उमटले, आणि त्यावरून लक्षात आले की तिच्यावर समान अंतरावर आखलेल्या धातूच्या अतिशय बारीक रेघा असल्या पाहिजेत. बारावीच्या प्रयोगशाळेत आपण विवर्तन जालकाच्या रेघांमधले अंतर मोजतो, तोच प्रयोग येथे करून पाहण्याचे ठरवले. तांबड्या लेझरचा (६५० नॅनोमीटर) किरण पट्टीवर जवळजवळ सरळ पाडला आणि परावर्तित ठिपके १ मीटरवरच्या भिंतीवर घेतले. मधल्या ठिपक्यापासून पहिला ठिपका दोन्ही बाजूंना १८ सेंटिमीटरवर पडला, ३८ सेंटिमीटरच्या आसपास एक अगदी फिका ठिपका होता आणि ६३ सेंटिमीटरवर पुन्हा एक बऱ्यापैकी स्पष्ट ठिपका मिळाला. (कोणी हा प्रयोग करणार असेल, तर परावर्तित किरण डोळ्यांत जाणार नाही अशी व्यवस्था आधी करावी. पट्टी आरशासारखीच काम करते.)

आता गणित. १ मीटरवर १८ सेंटिमीटर म्हणजे कोन सुमारे १०.२ अंश, त्याची ज्या (साइन) ०.१७७, आणि ६५० नॅनोमीटरला तिने भागले की रेघांमधले अंतर सुमारे ३.६७ मायक्रॉन येते. हेच पृष्ठतरंगाच्या तरंगलांबीएवढे असणार, असे मी गृहीत धरले. डबीवरची वारंवारता ४३३.९२ मेगाहर्ट्झ. दोन्हींचा गुणाकार केला तेव्हा वेग सेकंदाला सुमारे १५९० मीटर आला. परंतु एसटी छेदाच्या (ठरावीक कोनात कापलेल्या) क्वार्ट्झवर पृष्ठतरंगाचा वेग ३१५८ मीटर असतो असे संदर्भग्रंथात स्पष्ट लिहिलेले आहे. मोजमापात पाच-दहा टक्क्यांची चूक झाली असती तर ती मी मान्य केली असती, पण हे तर जवळजवळ बरोबर निम्मे आहे. तीन वेळा मोजून तेच उत्तर आल्यामुळे ही चूक हाताची नसून समजुतीची आहे, असे मला वाटते. ती कुठे आहे?

आणखी एक शंका आहे. तारा फक्त मधल्या भागाला जोडलेल्या आहेत, पण रेघा पट्टीच्या दोन्ही टोकांपर्यंत पसरलेल्या दिसतात. ज्या रेघांना वीज पोहोचतच नाही, त्या तेथे कशासाठी असतात?

वाघूर

सर, आपले मोजमाप उत्तम आहे. आपण मोजलेले अंतर प्रकाशाच्या दृष्टीने आवर्त (नक्षी पुन्हा येण्याचे अंतर) आहे, विजेच्या दृष्टीने नाही. मी जळगावला पदवीच्या वर्गांना घनपदार्थ भौतिकी शिकवते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते.

केस विंचरण्याच्या दोन फण्या समोरासमोर धरून एकीचे दाते दुसरीच्या दात्यांमध्ये न टेकता सरकवल्या, तर जी रचना दिसेल ती आपल्या पट्टीच्या मधल्या भागात ॲल्युमिनियमची केलेली आहे. एक तार एका फणीला आणि दुसरी तार दुसऱ्या फणीला जोडलेली असते. त्यामुळे कोणत्याही क्षणी पहिला दाता धन असेल तर दुसरा ऋण, तिसरा पुन्हा धन आणि चौथा पुन्हा ऋण असतो. क्वार्ट्झ दाबविद्युत असल्यामुळे विद्युतक्षेत्राने तो कोठे ताणला जातो, कोठे दाबला जातो, आणि क्षेत्राची दिशा उलटली की ताणाची दिशाही उलटते. म्हणजे पृष्ठभागावर उमटणारी ताणाची नक्षी धन दात्यापासून पुढच्या धन दात्यापर्यंतच्या अंतराने पुन्हा पुन्हा येते, आणि ते अंतर दोन दात्यांच्या टप्प्याएवढे आहे. लेझरच्या प्रकाशाला मात्र धन काय आणि ऋण काय, सगळे दाते सारखेच चकाकतात. म्हणून प्रकाशाने आपल्याला एक टप्पा सांगितला, आणि लहरीची लांबी दोन टप्प्यांची आहे. ३.६७ ची दुप्पट ७.३४ मायक्रॉन. तिला ४३३.९२ मेगाहर्ट्झने गुणले की ३१८५ मीटर येतात, म्हणजे पुस्तकातल्या आकड्यापासून एक टक्क्याच्याही आत. मोजपट्टी आणि भिंत यांच्या जोरावर इतके जवळ पोहोचणे मला फार आनंदाचे वाटले.

आपला फिका दुसरा ठिपकाही बोलका आहे. दात्याची रुंदी आणि दोन दात्यांमधली मोकळी जागा समान असेल, तर जालकाचे सम क्रमांकाचे ठिपके नाहीसे होतात. आपल्याकडे दुसरा जवळजवळ नाहीसा आणि तिसरा स्पष्ट आहे, याचा अर्थ दाता आणि मोकळी जागा दोन्ही सुमारे १.८ मायक्रॉनच्या आहेत, म्हणजे तरंगलांबीच्या पावपट. या उपकरणांच्या पुस्तकांत जी प्रमाणभूत रचना दिलेली असते, ती हीच.

लहरीविषयीही थोडे लिहिते. लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये गणिताने दाखवून दिले की घन पदार्थाच्या मोकळ्या पृष्ठभागाला बिलगून चालणारी एक लहर असू शकते, जिच्यात पृष्ठभागावरचा प्रत्येक कण छोट्या लंबवर्तुळात फिरतो आणि जिची हालचाल खोलीबरोबर झपाट्याने कमी होत एखाद-दोन तरंगलांब्यांच्या आत संपते. रॅले यांच्या डोळ्यांसमोर भूकंप होते. १९३८ च्या सातपुड्यातील भूकंपाच्या आठवणी आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आहेत, आणि भूकंपाच्या पृष्ठलहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर, म्हणजे आपल्या तांदळाएवढ्या पट्टीवरच्या लहरीच्या वेगाएवढाच असतो, हे मला प्रत्येक वेळी नव्याने विलक्षण वाटते. २० सेकंदांचा आवर्तकाल असलेल्या भूकंपलहरीची लांबी सुमारे ६० किलोमीटर होते. ती जळगावात सुरू झाली असे धरले तर पारोळा ओलांडून धुळ्याच्या वाटेवर कोठेतरी संपेल. आपल्या पट्टीवर तीच लांबी ७ मायक्रॉन आहे.

क्यूरी बंधूंनी दाबविद्युत परिणाम १८८० मध्ये शोधला, रॅले यांचा निबंध १८८५ चा, आणि तरीही या दोन गोष्टी अशा फण्यांनी एकत्र यायला १९६५ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेतील बर्कली येथे व्हाइट आणि व्होल्टमर यांनी क्वार्ट्झवर दातेरी इलेक्ट्रोड ठेवून पृष्ठतरंग थेट निर्माण करून दाखवले.

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर येथील रेडिओ-वारंवारतेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणीतरी द्यावे, मी त्यात अधिकारी नाही.

गिरणाथडी

अनेरकाठ सर आणि वाघूरताई, तुम्ही दोघांनी माझ्या जुन्या व्यवसायाचा विषय काढला म्हणून लिहितो. चाळीसगावला मी तीस वर्षांहून अधिक काळ टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवले. रंगीत टीव्हीच्या पाटीवर ट्यूनरच्या लगत पाच पायांचा एक चपटा भाग असे, त्याला आम्ही ‘सॉ फिल्टर’ म्हणत असू (‘सॉ’ म्हणजे पृष्ठतरंगांचे इंग्रजी लघुरूप). त्याआधीच्या संचांमध्ये चित्र आणि आवाजाचे संकेत निवडण्यासाठी तीन-चार गुंडाळ्या असत आणि त्यांतली फेराइटची काडी पेचकसाने थोडी थोडी फिरवत वारंवारता जुळवावी लागे. कोणी अनभिज्ञ माणसाने ती काडी फिरवली की चित्र आणि आवाज दोन्ही बिघडत, आणि ते पुन्हा जुळवण्यात अर्धा दिवस जाई. सॉ फिल्टर आल्यावर जुळवणीचे हे काम कायमचे संपले, कारण त्याची वारंवारता धातूच्या रेघांतच कोरलेली असते आणि ती कोणाला फिरवता येत नाही.

आपल्याकडे संचाच्या आत चित्राची आयएफ (ट्यूनरमधून बाहेर पडणारी ठरावीक वारंवारता) ३८.९ मेगाहर्ट्झ आणि आवाजाची ३३.४ मेगाहर्ट्झ असे. चित्र फिके होऊन मुंग्या दिसू लागल्या की फिल्टर बाद झाला आहे का, हे पाहण्यासाठी मी त्याच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पायांमध्ये छोटा कपॅसिटर टेकवत असे. चित्र परतले तर दोष फिल्टरचाच.

एकदा कुतूहलाने एक बाद फिल्टर फोडून भिंगाखाली पाहिला होता. आतली पट्टी आयताकृती नव्हती, तिच्या बाजू तिरक्या कापलेल्या होत्या आणि दोन्ही टोकांना मऊ रबरासारखा थर लावलेला होता. एका बाजूच्या फणीचे दाते सगळे सारख्या लांबीने एकमेकांत शिरलेले होते. दुसऱ्या बाजूला मात्र ते मध्यभागी खोलवर आणि कडेला जेमतेम शिरलेले होते आणि मध्येच लहान-मोठे होत होते, जणू खेळण्यातल्या माशाचा आकार. त्यामागे काय विचार असेल हे मला तेव्हा कोणी सांगू शकले नाही, आणि त्याचे उत्तर मिळाल्यास फार बरे वाटेल.

पांझरा

नमस्कार. मी मूळचा धुळ्याचा, सध्या पुण्यात रेडिओ संचांसाठी फिल्टर निवडण्याचे आणि तपासण्याचे काम करतो. दोघांच्याही शंका एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून एकत्र लिहितो.

गिरणाथडी नाना, आधी आपला मासा. फणीला एक अगदी क्षणिक विद्युत टोला दिला असे समजा. त्याच क्षणी शेजारशेजारच्या प्रत्येक दोन दात्यांमध्ये पृष्ठभाग ताणला जाईल आणि ते सगळे ताण एकामागोमाग एक दुसऱ्या फणीकडे चालत जातील. दुसऱ्या फणीपाशी आधी जवळच्या दात्यांचा ताण पोहोचेल, मग त्यांच्या मागच्यांचा, आणि अशा रीतीने दात्यांची नक्षी जशीच्या तशी काळात उलगडत जाईल. जेथे दाते एकमेकांत खोलवर शिरलेले आहेत तेथली लहर रुंद म्हणजे जोरकस, आणि जेथे जेमतेम शिरलेले आहेत तेथली क्षीण. म्हणून त्या पट्टीवर आपण पाहिलेला माशाचा आकार हाच त्या फिल्टरचा टोल्याला दिलेला प्रतिसाद आहे. फिल्टरने कोणत्या वारंवारता किती प्रमाणात सोडाव्यात हे आधी ठरवायचे, त्याचे फूर्ये रूपांतर (वारंवारतांच्या आलेखावरून काळातला आलेख काढणारे गणित) करायचे आणि येणारा आलेख सरळ धातूत आखायचा. माझ्या मते विद्युत अभियांत्रिकीत गणित इतक्या उघडपणे डोळ्यांना दिसण्याची दुसरी जागा क्वचितच असेल. सगळे दाते सारखे ठेवले आणि त्यांच्या जोड्या पन्नास असल्या, तर पट्टा मध्य-वारंवारतेच्या साधारण पन्नासाव्या हिश्श्याएवढा होतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नको असलेल्या लहान उंचवट्यांची रांग लागते. ते उंचवटे दाबण्यासाठीच दाते कडेकडे आखूड केलेले असतात.

इथपर्यंतचे चित्र सरळ आहे, आणि त्यात एक गोष्ट मी मुद्दाम लपवली. आपण असे धरले की दाते लहर निर्माण करतात आणि ती त्यांच्याखालून निर्वेधपणे निघून जाते. प्रत्यक्षात प्रत्येक दाता लहरीला थोडा अडथळा करतो. धातू सुवाहक असल्यामुळे दात्याखालच्या पृष्ठभागावरचे विद्युतक्षेत्र शून्यावर येते आणि तेथे लहरीचा वेग किंचित घटतो. शिवाय दात्याला वजन आहे, ताठरपणा आहे आणि त्याच्या कडांना पायरी आहे. या सगळ्यांमुळे लहरीचा अल्पसा भाग मागे फिरतो. क्वार्ट्झमध्ये दाबविद्युत जोड (वीज आणि ताण यांच्यातला दुवा) क्षीण, म्हणजे एक हजारांशाच्या पातळीवर असल्याने तेथे वजन आणि पायरी यांचा वाटा मोठा असतो. लिथियम नायोबेट या दुसऱ्या दाबविद्युत स्फटिकाच्या १२८ अंशांच्या छेदात हाच जोड साडेपाच टक्क्यांच्या आसपास असतो, तेव्हा विजेचा वाटाही दुर्लक्षिता येत नाही. एका दात्याचे परावर्तन बहुधा एक टक्का किंवा त्याहून कमी असते.

एक टक्का नगण्य वाटतो, परंतु सरांच्या लेझरने जे अंतर सांगितले ते येथे निर्णायक ठरते. दात्यांमधला टप्पा तरंगलांबीच्या निम्मा आहे. पहिल्या दात्यावरून परतलेला भाग आणि दुसऱ्यावरून परतलेला भाग यांच्या प्रवासात जाऊन-येऊन बरोबर एका तरंगलांबीचा फरक पडतो, म्हणून दोन्ही भाग एकाच तालात मिळतात. तिसऱ्याचा, चौथ्याचा, शंभराव्याचाही तसाच. क्ष-किरणांसाठी ब्रॅग यांनी सांगितलेला नियम तो हाच. लांब उभ्या गजांच्या कुंपणाशेजारी उभे राहून टाळी वाजवली तर प्रतिध्वनी टाळीसारखा न येता एखाद्या सुरासारखा येतो, त्याचे कारणही हेच आहे.

दात्यागणिक परावर्तन एक टक्का धरले, तर शंभर दाते मिळून लहरीच्या आयामाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परतवतात, आणि तीनशे दाते जवळजवळ ९९.५ टक्के. सर, आपल्या पट्टीवर तारेविना असलेल्या रेघा म्हणजे हे दोन आरसे आहेत. मधली फणी लहर निर्माण करते, दोन्हीकडचे आरसे तिला परत पाठवतात, आणि लहर मध्ये कोंडली जाऊन उभी राहते. त्यांना वीज देण्याची गरजच नाही, कारण त्यांच्याकडून फक्त अडवण्याचे काम हवे आहे. अशा क्वार्ट्झ रेझोनेटरचा गुणांक (अनुनाद किती तीक्ष्ण आहे याचे माप) दहा हजारांच्या आसपास जातो, आणि म्हणूनच एका ट्रान्झिस्टरचा साधा आंदोलकही त्याच्या आधाराने ४३३.९२ वर ठाम राहतो.

वाघूर

पांझराभाऊंनी जे लिहिले त्यात मला माझ्या वर्गातला फळा दिसला, म्हणून पुन्हा लिहिते.

स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनविषयी आपण शिकवतो की अणू समान अंतरावर असल्यामुळे इलेक्ट्रॉनची लहर ब्लॉख यांच्या रूपात मांडावी लागते आणि ब्रिल्वाँ क्षेत्राच्या कडेशी, म्हणजे तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्या दुप्पट होते तेथे, ऊर्जेत खिंड पडते, म्हणजे मधल्या काही ऊर्जा लहरीला घेताच येत नाहीत. येथे अणूंच्या जागी ॲल्युमिनियमचे दाते आणि इलेक्ट्रॉनच्या जागी पृष्ठतरंग ठेवला, तर गणिताचा सांगाडा तोच राहतो. दात्यांचा टप्पा ३.६७ मायक्रॉन धरला की पहिल्या ब्रिल्वाँ क्षेत्राची कड ७.३४ मायक्रॉनच्या तरंगलांबीवर पडते, आणि फणीला आलटून-पालटून धन-ऋण जोडल्यामुळे ती जी लहर निर्माण करते तिची लांबीही नेमकी तेवढीच आहे. म्हणजे हे उपकरण खिंडीच्या उंबरठ्यावरच चालवले जाते. विद्यार्थी नेहमी विचारतात की ब्रिल्वाँ क्षेत्र प्रत्यक्षात कोठे दिसते. आता मी त्यांना सरांचा रिमोट दाखवीन.

पांझराभाऊ, त्या खिंडीच्या दोन कडांपैकी अनुनाद कोणत्या कडेला येतो?

पांझरा

ताई, अगदी मर्माचा प्रश्न आहे. केवळ समान टप्प्याची लांबलचक फणी घेतली, तर अनुनाद रोधपट्ट्याच्या (म्हणजे आपल्या खिंडीच्या, जेथल्या वारंवारता फणी पुढे जाऊ देत नाही) मधोमध येत नाही, तो एका कडेला येतो. दोन्ही कडांवर उभ्या लहरीची लांबी सारखीच, दोन टप्प्यांची असते, पण एका कडेवरच्या लहरीत विभवाची शिखरे दात्यांच्या बरोबर खाली असतात आणि दुसऱ्या कडेवरच्या लहरीत ती मोकळ्या जागांमध्ये असतात. दोघींची वारंवारता वेगळी, कारण एकीला धातूचे ओझे जाणवते आणि दुसरीला पृष्ठभागाचा मोकळा भाग. जिची शिखरे दात्यांखाली आहेत तीच विजेशी बोलते. दुसरीचे विभव प्रत्येक दात्याच्या मध्याशी शून्य असल्यामुळे तारांना ती असून नसल्यासारखी असते. वरची कड की खालची, हे परावर्तनाच्या चिन्हावर, म्हणजे पदार्थ, छेद आणि धातूची जाडी यांवर ठरते. मोबाइलच्या फिल्टरांत वापरल्या जाणाऱ्या लिथियम टँटलेटवरील ॲल्युमिनियमच्या रचनेत अनुनाद खालच्या कडेला येतो. सरांच्या पट्टीसारख्या रचनेत आरसे आणि फणी यांच्यामधले अंतर किंचित बदलून तो पट्ट्याच्या आत सरकवता येतो.

रोधपट्टा किती रुंद असतो याचा अंदाजही देतो. एका दात्याचे परावर्तन दोनने गुणून π ने भागले की रुंदीचे मध्य-वारंवारतेशी प्रमाण मिळते. एक टक्क्यासाठी ते ०.६४ टक्के, म्हणजे ४३३.९२ वर सुमारे २.८ मेगाहर्ट्झ.

अभियंते रोजच्या कामात हे सगळे ‘युग्मित लहरीं’च्या समीकरणांनी हाताळतात, ज्यांत उजवीकडे जाणारी लहर, डावीकडे जाणारी लहर आणि फणीचा प्रवाह या तिघांचा परस्परसंबंध चार-पाच स्थिरांकांत मांडलेला असतो. ते स्थिरांक मूळ पदार्थाच्या गुणधर्मांवरून काढण्याची पायाभूत रीत ब्लोटेकियर, इंगेब्रिग्टसेन आणि स्काय या नॉर्वेच्या संशोधकांनी १९७३ मध्ये दिली. दात्यांवरील विद्युतभार त्यांनी लजाँद्र बहुपदींच्या साहाय्याने मांडला. दात्याच्या कडेशी भार अनंताकडे झेपावतो, आणि त्याचा हा स्वभाव त्या मांडणीत आपोआप सामावतो. आवर्ती इलेक्ट्रोडांचा विषय ज्याला खोलात शिरून समजून घ्यायचा आहे, त्याने तेथून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

बोरी

सर्वांना नमस्कार. मी अमळनेरला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक अडचण वाटते. रेझोनेटरमध्ये परावर्तन हवेच असते हे कळले. परंतु नानांच्या टीव्हीच्या फिल्टरमध्ये लहरीने एका फणीकडून दुसरीकडे फक्त एकदाच जायचे आहे. तेथेही दात्यांचा टप्पा निम्म्या तरंगलांबीचा असेल, तर दाते आरसा बनून सगळा संकेत बिघडवतील. मग फिल्टर चालतो कसा?

गिरणाथडी

बेटा, हा बिघाड आम्ही पडद्यावर पाहिलेला आहे. लहर दुसऱ्या फणीवरून परतून पहिलीकडे आणि तेथून पुन्हा दुसरीकडे आली, तर ती एकूण तीनदा प्रवास करते आणि मूळ संकेतापेक्षा उशिरा पोहोचते. दोन फण्यांमधले अंतर ५ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४ किलोमीटर धरला, तर एका फेरीला सव्वा मायक्रोसेकंद लागतो आणि ही भटकी लहर मूळ लहरीनंतर अडीच मायक्रोसेकंदांनी येते. टीव्हीच्या एका ओळीतला दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांत रंगवला जातो. म्हणजे २१ इंची संचाच्या ४२ सेंटिमीटर रुंद पडद्यावर मूळ चित्राच्या उजवीकडे बरोबर दोन सेंटिमीटरवर त्याचीच फिकट सावली उमटेल. अँटेना डोंगराकडून परतलेला संकेत पकडते तेव्हाही अशी सावली येते. पाटणादेवीच्या बाजूच्या गावांत ती नेहमी दिसत असे, आणि दोष अँटेनाचा की संचातला, हे ओळखण्यासाठी मी अँटेना फिरवून पाहत असे. सावली जागची हलली नाही तर दोष संचात. फिल्टर बनवणारे ही सावली कशी टाळतात, हे मात्र पांझराभाऊ किंवा ताई सांगतील.

वाघूर

बोरी, याचे उत्तर शोधताना कागदावर फक्त एक आकृती काढ. प्रत्येक दाता मधोमध चिरून त्याचे दोन बारीक दाते कर आणि दोन्ही एकाच फणीला जोडलेले ठेव. आता क्रम असा होईल: धन, धन, ऋण, ऋण, आणि पुन्हा धन. विजेचा आवर्त पूर्वीएवढाच, एक तरंगलांबी. पण दात्यांचा टप्पा आता पाव तरंगलांबीचा झाला. शेजारच्या दोन दात्यांवरून परतलेल्या लहरींमध्ये जाऊन-येऊन अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो, म्हणजे एकीचे शिखर दुसरीच्या दरीवर पडते आणि दोघी एकमेकींना खोडून टाकतात. एका टप्प्याची निवड बदलली आणि तीच फणी आरसा राहिली नाही. ही चिरलेल्या दात्यांची युक्ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आली.

पांझरा

ताईंच्या उत्तराला एवढीच जोड. चिरलेल्या दात्यांनी धातूमुळे होणारे परावर्तन जाते, पण फणी बाहेरच्या सर्किटला वीज देते त्या क्रियेमुळेही एक परावर्तन होतेच, आणि ते दाते चिरून जात नाही. ते दाबण्यासाठी टीव्हीच्या फिल्टरात बाहेरची जोडणी जाणूनबुजून बेमेळ ठेवतात. त्यामुळे संकेत बराच क्षीण होतो, म्हणून ट्यूनर आणि फिल्टर यांच्यामध्ये एक वर्धक ट्रान्झिस्टर घालावा लागतो. नानांना तो पाटीवर दिसला असेल. शिवाय फणी दोन्ही दिशांना सारखीच लहर सोडते, आणि उलट दिशेला गेलेली अर्धी शक्ती तशीही वाया जाते. नानांनी पाहिलेला रबरी थर तीच लहर गिळण्यासाठी असतो, आणि तिरक्या कापलेल्या कडा तिला सरळ परत येऊ देत नाहीत.

अनेरकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी दोन वेळा वहीत उतरवून काढली. एक व्यावहारिक शंका विचारतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि स्टार्टरची पत्र्याची पेटी हाताला भाजते. एवढ्या उष्णतेत स्फटिकावरचा वेग बदलून रिमोट चुकणार नाही का?

पांझरा

एसटी छेद त्याच कारणासाठी निवडलेला आहे. या छेदात २५ अंशांच्या आसपास वारंवारता तापमानाबरोबर जवळजवळ बदलत नाही, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ती तापमानातील फरकाच्या वर्गानुसार थोडी थोडी खाली येते. फरकाच्या वर्गाला ०.०३२ ने गुणले की दशलक्षांशात उत्तर मिळते. पेटी ६५ अंशांवर गेली असे धरले तर फरक ४० अंशांचा, त्याचा वर्ग १६००, आणि घट सुमारे ५१ दशलक्षांश, म्हणजे ४३३.९२ वर २२ किलोहर्ट्झ. अशा स्वस्त रिमोटांचा संग्राहक (रिसीव्हर) याच्या कितीतरी पट रुंद पट्टा ऐकत असतो, त्यामुळे काळजी नको. लिथियम नायोबेटच्या १२८ अंशांच्या छेदात मात्र अंशागणिक सुमारे ७५ दशलक्षांशांची घट होते. तेवढ्याच ४० अंशांत ती ३००० दशलक्षांश होईल. टीव्हीच्या रुंद पट्ट्याला ती चालते, अरुंद रेझोनेटरला चालणार नाही.

अनेरकाठ (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. गिरणाथडी नानांनी त्यांच्याकडचा एक जुना टीव्ही फिल्टर एसटीच्या पार्सलने चोपड्याला पाठवला. तो उघडून त्यातल्या सारख्या दात्यांच्या फणीवर लेझर पाडला. येथे दाते बरेच जाड असणार हे ओळखून पडदा ४ मीटरवर घेतला. पहिला ठिपका मधल्या ठिपक्यापासून साडेनऊ सेंटिमीटरवर आला, म्हणजे दात्यांचा टप्पा सुमारे २७.४ मायक्रॉन. रेझोनेटरप्रमाणे याची दुप्पट घेऊन पट्ट्याच्या मध्याने, ३६ मेगाहर्ट्झने गुणले तर वेग १९७० मीटर आला, म्हणजे पुन्हा निम्मा. या वेळी मात्र गोंधळ झाला नाही. चौपट घेतली, १०९.६ मायक्रॉन, आणि वेग ३९४५ मीटर मिळाला. लिथियम नायोबेटच्या १२८ अंशांच्या छेदासाठी पुस्तकात ३९८० च्या आसपासचा आकडा आहे.

खात्रीसाठी पट्टी जीवशास्त्र विभागातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बोरी मुद्दाम अमळनेरहून आला होता, आधी त्यालाच पाहू दिले. त्याने मोठ्याने मोजायला सुरुवात केली: दोन दाते वरच्या पट्टीला, दोन खालच्या पट्टीला, पुन्हा दोन वरच्या.